डबा परत मागून घ्या

*ताई, नमस्कार.*

*कोपरखैरण्यातल्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवते, वर्गशिक्षिकाही मीच. नोकरीचं हे चौथं वर्ष. शाळा दुपारची, साडेबारा ते सहा. माझ्या वर्गातला एक मुलगा जूनपासून रोज तिसऱ्या-चौथ्या तासाला डुलक्या घ्यायचा. तोंडी हिशेबात तो सगळ्या वर्गाच्या पुढे, पण वही कायम अर्धवट. ऑगस्टमध्ये एकदा माझा तोल गेला. 'झोपायचं असेल तर घरी झोप, शाळा म्हणजे धर्मशाळा आहे का?' असं म्हणून त्याला बाहेर उभं केलं. वर्ग हसला. दहा मिनिटांनी बाहेर पाहिलं तर पोरगा भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. मग त्याच्या शेजारच्या मुलाने सांगितलं, 'बाई, तो तीनला उठतो. भाजी मार्केटला जातो कामाला.' वडील माथाडी होते, गेल्या पावसाळ्यात वारले. आई वाशीला तीन घरची धुणीभांडी करते. बहीण चौथीत आहे.*

*मला इतकं अपराधी वाटलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी डबा नेऊ लागले. गृहपाठ माफ केला. वर्गात सांगितलं, आपल्या मित्राला मदत करू या, प्रत्येकाने दहा-दहा रुपये आणा. ५४० रुपये जमले. त्यानंतर तो आठवडाभर आलाच नाही. आला तो थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसला. आता माझ्याकडे बघत नाही, डबा घेत नाही. माझा एक डबा अजून त्याच्याकडेच आहे. स्टाफरूममध्ये म्हणतात, 'एकाला जवळ केलंत की दहा येतील. सगळ्यांची आई व्हायला निघालात.' परवा त्याचे काका येऊन दाखल्याचं विचारून गेले. माझं कुठे चुकलं? किती करायचं आणि थांबायचं कुठे? रात्र रात्र झोप लागत नाही.*

*— एक वर्गशिक्षिका*

बाई,

आधी काकांचं बघा, बाकी सगळं नंतर. नववीतल्या मुलाचा दाखला विचारायला कोणी आलं की समजायचं, घरात त्याच्या शाळेचा निकाल लागत आलाय. दाखला अडवून धरणं आपल्या हातात नाही आणि तसं करूही नये. पण त्या पोराची पालक आई आहे, काका नव्हेत. याच आठवड्यात आईला भेटा आणि मुख्याध्यापकांना एवढंच सांगून ठेवा की त्या माउलीशी बोलणं झाल्याशिवाय काही ठरवायला नको. 'सतरा नंबर फॉर्म भरून देईल की दहावी' असं काका म्हणतीलच. बाहेरून दहावीला बसायची ती सोय आहे आणि ज्याला वर्गात बसणं खरोखर शक्यच नाही त्याला तिचा आधारही होतो. पण चौदा वर्षांचं पोर, पहाटे मार्केट, दिवसभर घरातली कामं आणि अभ्यास एकट्याच्या जिवावर, हे किती मुलांना झेपतं ते तुम्हीही पाहिलं असेल. ती वाट अगदी शेवटची.

आईला शाळेत बोलावू नका. शाळेचं बोलावणं आलं की गरिबाच्या घरात पोटात गोळाच येतो, कारण चांगलं सांगायला आपण कधी बोलावतच नाही. शिवाय तीन घरची कामं असलेल्या बाईने सकाळी अकराच्या पालकसभेला यायचं म्हणजे एका घरी खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. तुम्हीच जा. दुसऱ्या एखाद्या बाईंना बरोबर घ्या. जायच्या आधी मुलाला विचारा, 'आईंना भेटायचंय, घरी आले तर चालेल का? कधी येऊ?' त्याला घरी नको असेल तर आई कामावरून परतते त्या वाटेवर, नाक्यावर, बसस्टॉपवर भेटा. घर दाखवायला लागू नये असं त्याला वाटत असेल, तर तो त्याचा हक्क आहे.

हातात पिशवी नेऊ नका. किराणा नको, बिस्किटाचा पुडाही नको. तुम्ही मदत घेऊन आलात असं त्या माउलीला वाटलं की ती आभार मानत बसेल आणि तुमचं खरं बोलणं राहून जाईल. पहिलं वाक्य मुलाच्या हिशेबाबद्दल असू द्या. एवढा हुशार आहे हे तिला कोणी सांगितलंच नसेल. मग विचारा, त्याने दहावी करावी असं तुमच्या मनात आहे ना? त्यासाठी नेमकं काय अडतंय? आणि गप्प बसा. पहिल्यांदा ती म्हणेल, 'काही नाही बाई, चाललंय.' तरी उठू नका. दुसऱ्यांदा ती खरं सांगेल.

ते खरं बहुतेक पैशांचंच असेल, म्हणून काही कागद तुम्हाला आधीच माहीत असलेले बरे. वडील नोंदणी असलेले माथाडी असतील तर त्यांचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी माथाडी बोर्डाकडे जमा असते. १९६९ च्या माथाडी कायद्याने कामगारांना मिळालेली ही मोठी गोष्ट. ते पैसे वारसाला मिळाले का, की अर्ज कुठे धूळ खात पडलाय, एवढं विचारा. टोळीच्या मुकादमाला किंवा युनियनच्या माणसाला त्यातली पायरी न पायरी ठाऊक असते. आईला त्यांच्यापर्यंत पोहोचवलं तरी पुष्कळ झालं. दुसरी, राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील गेलेल्या मुलांना तिच्यातून अठरा वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला २,२५० रुपये मिळतात. दोघा भावंडांचे मिळून ४,५०० होतील. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे जातो, ठाणे जिल्ह्याचं कार्यालय ठाण्यातच आहे. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचं बोनाफाइड, असे कागद लागतात. त्यातलं बोनाफाइड तुमच्या शाळेतून एका दिवसात निघतं, आणि बहिणीच्या शाळेतल्या बाईंना फोन करून तिचंही मिळवून देता येईल. मंजुरीला महिने लागतात, म्हणून आज उद्या करू नका. आईला फॉर्मची भीती वाटत असेल तर शेजारी बसून भरा. पेन मात्र तिच्या हातात राहू द्या.

आता मार्केटचं. किशोरवयीन मुलांना संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळात कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि चौदा पूर्ण नसतील तर कामाला ठेवणंच गुन्हा आहे. हे तुम्हाला माहीत हवं. पण हे हातात घेऊन उद्याच गाळ्यावर तक्रार करायला जाऊ नका. त्या मजुरीवर आज त्या घरातली चूल पेटतेय. आईशी बोला, पैशाची दुसरी वाट लागते का बघा आणि मग ते रात्रीचं काम सुटेल असं करा. गाळेवाला पुष्कळदा गावाकडचाच, ओळखीचा माणूस असतो. आई किंवा काका बोलले तर ऐकतो. आणि पोराला तिथे कोणी मारहाण करत असेल किंवा सोडायचं म्हटलं तर सोडत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, फोन फुकट आहे.

हे कागदाचं झालं. आता तुम्ही जे विचारलंत त्याकडे येते.

बाहेर उभं केलंत, वर्ग हसला, ही चूक तुमची तुम्हालाच कळली आहे. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतचा, पण त्याच्या सतराव्या कलमात मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, ती अशाच प्रसंगांसाठी. पण माझ्या मते पोरगा त्या दिवशी तुमच्यापासून तुटला नाही. मार्केटमध्ये त्याला रोज याहून वाईट ऐकायला मिळत असेल. तो तुटला वर्गणीच्या दिवशी. ओरडा खाल्ला तेव्हा तो वर्गातला एक झोपाळू मुलगा होता, असे वर्गात चार तरी असतात. वर्गणी निघाली आणि तो ज्याचे वडील वारले तो मुलगा झाला, मदत करावी लागते असा. वर्षभर त्याने जे दप्तराच्या तळाशी दडवून ठेवलं होतं ते तुम्ही मायेने बाहेर काढलंत आणि सगळ्यांच्या बाकांवरून फिरवलंत.

मी हे कठोरपणे लिहितेय असं वाटू देऊ नका. मीही हेच केलंय. ठाण्यात लोकमान्यनगरच्या बाजूला एका शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. वागळे इस्टेटमधल्या कंपन्या एकेक करून बंद पडत होत्या ते दिवस. बाप घरी बसलेला आणि आई पोळ्या लाटायला जाते, अशी घरं गल्लोगल्ली होती. सातवीत एक मुलगी होती, तिचा निळा स्कर्ट खालची दुमड उसवून लांब केलेला. जुन्या दुमडीपाशी कापडाचा रंग उडालेला नव्हता, म्हणून खाली चारही बाजूंनी गडद निळी रेघ दिसायची. ती मुलगी उभी राहिली की हात त्या रेघेवर ठेवायची. मी घरच्या पैशांतून नवा ड्रेस शिवून घेतला आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मुख्याध्यापिकांच्या हातून तिला दिला. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं होतं. तो ड्रेस तिने एकदाही घातला नाही. मी मनातून रागावले, मुलगी घमेंडी आहे असंसुद्धा बोलले असेन कोणाजवळ. कितीतरी वर्षांनी ती तलावपाळीला भेटली, तिची मुलगी हाताशी. तीच म्हणाली, 'बाई, ड्रेस छान होता हो. पण त्या दिवशी टाळ्या वाजल्या ना.' पुढे दोघींना काही बोलता आलं नाही.

म्हणून सांगते, त्याची माफी मागा आणि एकट्याला गाठून मागा. गॅलरीत, शाळा सुटताना, जाता जाता. एवढंच म्हणा: 'त्या दिवशी वर्गासमोर तुला बोलले ते चुकलं. तुला न विचारता पैसे गोळा केले तेही चुकलं. पुन्हा असं करणार नाही.' संपलं. 'मला माहीत नव्हतं रे' हे त्यात घालू नका, कारण मग त्याचा अर्थ असा निघतो की ज्याचे वडील आहेत त्याचं हसं केलेलं चालतं. रडू नका, तुमची समजूत घालायचं काम त्या पोरावर पडायला नको. तो काही बोलणार नाही. मान हलवेल आणि जाईल. तेवढ्याने भागतं. मुलं बाईंची माफी विसरत नाहीत, कारण मोठी माणसं सहसा मागत नाहीत.

५४० रुपये टेबलाच्या खणात पडून असतील. ते त्याला देऊ नका, मुलांना परतही करू नका, कारण परत करताना पुन्हा त्याचंच नाव निघेल. वर्गाला सांगा, हे पैसे आता वर्गाचे. त्यातून एक पेटी करा: कोऱ्या वह्या, पेनं, कंपास, एक-दोन पट्ट्या, आलेखाचे कागद, मुलींसाठी पॅड. पेटी कपाटात, कपाट उघडं. ज्याला लागेल त्याने घ्यायचं, वहीत नाव लिहायचं नाही, विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात चार पोरं उगाच पेनं उचलतील. उचलू द्या. पंधरा दिवसांत कळेल की खरी गरज कोणाकोणाला होती, आणि तो आकडा बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

'एकाला जवळ केलंत की दहा येतील' हे तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. दहा येतीलच, कारण दहा आहेतच. आणि ते नववीत जास्त दिसतात याला कारण आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेत पोषण आहार मिळतो, पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, शिक्षण हक्क कायद्याचं छत्र असतं. नववीत गेलं की हे सगळं एकाच जूनमध्ये संपतं. त्या मुलाच्या बहिणीला चौथीत दुपारी खिचडी मिळतेय. तो साडेबाराला शाळेत येतो तो बहुधा सकाळच्या चहावर. भूक गेल्या वर्षी होती तेवढीच आहे, वाढत्या वयाची म्हणून थोडी जास्तच, आणि ताट गेलं. भरीला गणित अवघड होतं, दहावीची भीती सुरू होते आणि घरच्यांना मुलगा कमावता झालेला दिसू लागतो. शाळा सोडायची ती मुलं इथेच सोडतात. शिक्षक हे बोलताना दहावीचं बोलतात, पण गळती दहावीच्या फॉर्मवर दिसते, होते नववीत. तुम्ही नववीच्या वर्गशिक्षिका आहात, म्हणजे त्या उंबऱ्यावरच उभ्या आहात.

आता गृहपाठ माफ केलात ते. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त खटकलेली गोष्ट ही आहे, डब्यापेक्षा आणि वर्गणीपेक्षाही. तो गणितात सगळ्यांच्या पुढे आहे म्हणता आणि त्याचाच गणिताचा गृहपाठ माफ करता? त्या मुलाकडे आज स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, त्याचं डोकं. बाकी सगळ्या बाबतीत लोक त्याची कीव करतायत. तुम्ही तरी त्याच्याकडून काम मागा. फक्त त्याचं घड्याळ समजून घेऊन मागा.

कागदावर मांडून बघा. पहाटे ३ ला उठतो. कोपरखैरण्याहून मार्केटला, सायकलने असेल नाहीतर चालत. नाशिककडून कोथिंबीर-मेथीच्या गाड्या रात्रीच येऊन लागलेल्या असतात, मुंबईचे भाजीवाले उजाडायच्या आत माल उचलतात, म्हणून सगळी धावपळ अंधारातली. जुड्या निवडायच्या, क्रेट उचलायचे, ओलं गोणपाट ओढायचं. आठ-नऊला घरी. बहिणीचं आवरायचं, पाणी भरायचं, मग अंघोळ. शाळेची घंटा होते तेव्हा तो जागा होऊन साडेनऊ तास झालेले असतात. तुमचा तिसरा-चौथा तास म्हणजे दुपारचे दोन-अडीच. त्या वेळी त्याला बारा तास होत आलेले असतात. रात्री तुम्ही वह्या तपासता तेव्हा तुम्हाला किती तास झालेले असतात ते आठवा. त्याची वही हातात आली की पानं जरा निरखून बघा. कडांना हिरवट डाग असतील, कोथिंबिरीच्या देठांचा रस नखांत बसतो तो साबणाने जात नाही.

घरी त्याच्याकडून अभ्यास होणार नाही, तेव्हा शाळेतच करून घ्या. ज्या दिवशी ऑफ तास असेल त्या तासाला, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं, ज्याला बसायचं त्याने बसावं असं सगळ्या वर्गाला सांगून. वीस उदाहरणं देता त्यातली पाच त्याला करू द्या, पण ती पाच पूर्ण हवीत, पायऱ्या मांडून, तोंडी नाहीत. तोंडी त्याला येतंच, बोर्डाच्या पेपरात मार्क पायऱ्यांना आहेत. शेवटच्या बाकावरून उठवून खिडकीजवळच्या दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर आणा, पण जागा बदलायची तर सगळ्यांची बदला, एकट्याची नको. मधल्या सुट्टीत त्याला डोकं टेकून पंधरा मिनिटं झोपू द्या, आणि तुम्ही वर्गात वह्या तपासत बसा म्हणजे बाकीचे दंगा करणार नाहीत. तुमच्या तासाला झोपलाच, तर जवळून जाताना बाकावर हलकेच बोट वाजवा. दुसऱ्यांदाही झोपला तर झोपू द्या. त्या दिवसाचं त्या दिवशी राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उदाहरण मागा.

आणि पंधरवड्यातून एकदा तरी फळ्याशी बोलवा. काळ-काम-वेगाचं नको, व्यापारातलं द्या, नफा-तोटा, शेकडेवारी, जिथे त्याला इतरांहून जास्त कळतं. तो सोडवत असताना 'बघा, इतक्या अडचणींतूनसुद्धा' असं एक अक्षर काढू नका. 'बरोबर. आता दुसरी रीत दाखव.' एवढंच.

माथाडींची कितीतरी घरं सातारा, पाटण, जावळीकडची. त्यांना कर्मवीर भाऊराव पाटील सांगावे लागत नाहीत. वाशीला त्यांच्या नावाचं कॉलेज आहे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे आपण वर्गात सांगतो आणि आपलेही डोळे भरून येतात. सांगावंच. पण त्यातली दुसरी बाजू आपण पटकन उरकतो. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी राहिली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झालं, आणि तिथली मुलं स्वतः राबत, स्वतः रांधत. कमवा आणि शिका ही फक्त पैशांची तोड नव्हती. तिथल्या कोणत्याही पोराला आपण कोणाच्या दारात वाढलो असं वाटू नये, हे त्यात पाहिलेलं होतं. लक्ष्मीबाईंची माया तशी होती, दिलं तरी घेणाऱ्याची मान खाली जाऊ न देणारी. तुमच्या पत्रात तीच माया मला दिसते. फक्त ती घाईत आहे.

आता किती करायचं, याचं उत्तर. जे येत्या मार्चपर्यंत रोज जमेल तेवढंच करा. त्याहून एक घासही जास्त नको. आज डबा, उद्या डबा आणि नोव्हेंबरमध्ये तुमची तब्येत बिघडली किंवा घरी काही झालं म्हणून बंद, याच्याइतकं वाईट काही नाही. ज्या पोराचा बाप एका पावसाळ्यात नाहीसा झाला, त्याला पुन्हा काहीतरी अचानक नाहीसं झालेलं नकोय. रोज वीस मिनिटं शाळा सुटल्यावर बसणं तुम्हाला जमेल? की आठवड्यातून दोनच दिवस? दोन तर दोन, पण ते दोन चुकवू नका. पैशांचं विचाराल तर स्वतःच्या खिशातून मुलाच्या हातात पैसे देऊ नका. फीसाठी, परीक्षेच्या फॉर्मसाठी लागले तर ऑफिसमध्ये परस्पर भरा आणि पावती आईकडे द्या.

स्टाफरूममध्ये वाद घालू नका. पुढच्या वेळी कोणी टोमणा मारला तर म्हणा, 'हो, दहा आहेत, दोन तुम्ही घेता का?' आणि हे खरंच विचारा, मनापासून. शाळेत निदान एक तरी माणूस असा असतो जो कित्येक वर्षांपासून गुपचूप कोणाची तरी फी भरत आलाय. तो तुम्हाला सापडेल. पुष्कळदा तो शिपाई असतो.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण दहा मुलांत एखादं असं निघतंच. गरिबी, वडील जाणं, रात्रीचं काम, यात आपण सावकाश, विचारून, घरच्यांना बरोबर घेऊन चालायचं. पण अंगावर वळ दिसले, मूल घरी जायला घाबरू लागलं, किंवा कोणी नको तिथे हात लावतो असं कळलं, तर तिथे सावकाशपणाला जागा नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन त्या मुलाला कधीच देऊ नका. 'तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन' असं म्हणा. लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला तरी २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. शाळेचं नाव खराब होईल म्हणून थांबा असं वरिष्ठ म्हणाले तरी. तुमच्या या मुलाच्या बाबतीत तसं काही दिसत नाही, पण तुम्ही आता डोळे उघडून बघू लागला आहात, तेव्हा दिसेल ते सगळं सोपं नसेल.

तुमच्या झोपेचं. रात्री आठवत असेल तो भिंतीला टेकून झोपलेला मुलगा. ते चित्र जाणार नाही, आणि जाऊही नये फार लवकर. पण त्यावर रात्रभर जागून उद्याचा तास बिघडवू नका. त्या मुलाला उद्या तिसऱ्या तासाला एक तरी जागी बाई हवी आहे. एखाद्या रात्री फारच जड झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, तो शिक्षकांसाठीही आहे, त्यात कमीपणा नाही.

राहता राहिला तुमचा डबा. तुम्ही तो सोडून दिलाय, 'जाऊ दे, एक डबा' म्हणून. त्याच्या घरात तो फळीवर घासूनपुसून ठेवलेला असणार, आणि आई त्याला रोज विचारत असणार, बाईंचा डबा कधी नेऊन देणार म्हणून. तो तो नेऊ शकत नाही, कारण आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आणि डब्यात घालायला काय आहे हा प्रश्न त्यांच्या घरात खरा आहे. माफी मागून झाल्यावर दोन-चार दिवस जाऊ द्या. मग हक्काने मागा, जसा वर्गातल्या कुठल्याही मुलाकडे मागाल तसा: 'माझा डबा राहिलाय रे तुझ्याकडे, आणून दे.' रिकामा आला तर 'बरं झालं, मला लागतच होता' म्हणून पिशवीत टाका. पण मला वाटतं तो भरून येईल. मिरचीचा ठेचा असेल, किंवा मार्केटमधून आणलेल्या मेथीची भाजी आणि भाकरी. 'अरे, कशाला' म्हणू नका. घ्या, मधल्या सुट्टीत उघडा आणि सगळं संपवा. संध्याकाळी तो गेटपाशी दिसला की त्याला थांबवा आणि विचारा, भाकरी कोणी थापली होती, आईने की त्याने.